सेंट बायनोज : सेमिनरीचं साधनागृह

उत्तर वेल्समध्ये क्लुइड नदीच्या खोऱ्यावर, ट्रेमाइर्खिऑन गावाजवळच्या उतारावर सेंट बायनोजची दगडी वास्तू आहे. हवा स्वच्छ असेल तर तिथून स्नोडोनियाचे डोंगर दिसतात. भावी फादरांना ईशज्ञान शिकवण्यासाठी येशू संघाने १८४८ मध्ये ती सुरू केली. वास्तुविशारद होते जोसेफ हॅन्सम. लंडनमध्ये गाजलेली दुचाकी हॅन्सम बग्गीही त्यांचीच कल्पना.

१८७४ मध्ये जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स इथे शिकायला आले. संघात जाण्याआधी त्यांनी स्वतःच्या कविता जाळल्या होत्या आणि नंतर लेखणी जवळजवळ बाजूलाच ठेवली होती. डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइचलँड’ हे जहाज थेम्सच्या मुखाजवळ रेतीत रुतलं. जर्मनीतल्या कॅथलिकविरोधी कायद्यांमुळे देश सोडलेल्या पाच धर्मभगिनी त्यात बुडाल्या. यावर कुणीतरी कविता लिहायला हवी, असं रेक्टर सहज बोलून गेले आणि हॉपकिन्सनी पस्तीस कडवी लिहिली! संघाच्याच मासिकाने ती छापली नाहीत. हॉपकिन्स इथे वेल्श भाषा शिकले, तिच्या कवितेतली व्यंजनांची नादसाखळी त्यांनी इंग्रजीत आणली. गोव्यात राशोलला राहिलेल्या, याच संघाच्या इंग्रज फादर स्टीफन्सनी ‘क्रिस्तपुराणा’त मराठी ओवी अशीच आपलीशी केली होती, ते आठवल्याशिवाय मराठी वाचकाला राहवत नाही. १८७७ मध्ये, गुरुदीक्षेच्या वर्षी, हॉपकिन्सनी इथे एकामागून एक सुनीतं लिहिली.

१९२६ मध्ये ईशज्ञानाचे वर्ग ऑक्सफर्डशायरमधल्या हीथ्रॉपला गेले. प्रशिक्षणाचे इतर टप्पे इथे चालत राहिले, आणि १९८० पासून हे साधनाकेंद्र झालं. सेमिनरी गेली म्हणून हळहळणाऱ्यांशी मी सहमत नाही. संघसंस्थापक इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधना’ पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ मध्ये मिळाली, म्हणजे या घराच्या तीनशे वर्षं आधी. साधना देणं हेच संघाचं मूळ काम होतं.

पूर्ण साधना तीस दिवसांची. चार ‘आठवडे’, पण सारख्या लांबीचे नव्हेत : पाप आणि क्षमा, येशूचं जीवन, दुःखसहन, पुनरुत्थान. जेवणसुद्धा मौनात. रोज थोडा वेळ मार्गदर्शकाशी बोलायचं, बाकी वेळ प्रार्थना आणि चालणं. जवळच्या झाडीतल्या टेकडीवर १८६६ चं चिमुकलं रॉक चॅपल आहे; त्याचा आराखडा इग्नेशियस स्कोल्स या इथल्याच विद्यार्थ्याने केला होता.

मार्गदर्शकाने कुठल्याही बाजूला कल देऊ नये, साधक आणि देव यांच्यामध्ये येऊ नये, अशी इग्नेशियसची ताकीद आहे. म्हणून तो फार बोलत नाही. ऐकतो, बायबलमधला एखादा उतारा सुचवतो. असे मार्गदर्शकही आता इथेच घडवले जातात, आणि त्यांत फादरांच्या बरोबरीने संसारी स्त्री-पुरुषही असतात.