अंधाऱ्या बिऱ्हाडाच्या भिंती

गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत, किंवा वाडे पाडून त्यांच्या जागी दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या पेठांतल्या घरांत, ज्यांनी भाड्याने बिऱ्हाड थाटले आहे त्यांच्यापैकी पुष्कळांना हा अनुभव असतो की, खिडकीसमोर आठ-दहा हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत उभी असते, पायाखाली शहाबादी फरशी किंवा काळा कडप्पा असतो, आणि भर दुपारी वर्तमानपत्र वाचायचे म्हटले तरी ट्यूब लावावी लागते. फरशी बदलणे भाडेकरूच्या हाती नसते आणि खिडकी मोठी करणे तर बहुधा मालकाच्याही हाती नसते. राहता राहतात त्या चार भिंती. त्यांच्याविषयी आप्तेष्टांपासून रंगाऱ्यापर्यंत सर्वांचा सल्ला एकच असतो, तो म्हणजे पांढराशुभ्र रंग मारून मोकळे व्हा. हा सल्ला सद्भावनेचा असला तरी तो अपुरा आहे असे माझे मत आहे.

घरातला अंधार हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे ही जाणीव मुंबईला प्लेगने दिली. १८९६ च्या साथीनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतील प्रकाश आणि हवा या विषयावर व्याख्यान देऊन साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी, असा त्या नियमाचा स्थूल अर्थ. ज्या घरांना ही दुपटीची मर्यादाही लाभलेली नाही, त्यांच्या खिडकीतून आकाशाचा जो चिंचोळा पट्टा दिसतो तेवढ्यावरच खालच्या मजल्यांच्या दिवसाची सारी मदार असते.

आता या प्रकाशाचा मार्ग नीट पाहावा. तो वरून, आकाशातून येतो, म्हणून खिडकीतून आत शिरताच त्याचा मोठा हिस्सा आधी जमिनीवर पडतो, आणि तेथून उसळून छताकडे व भिंतींकडे जातो. फिकट फरशीवर ही उसळी चांगली बसते. काळ्या कडप्प्यावर मात्र आलेल्या प्रकाशाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग तेथेच जिरून जातो. अशा खोलीत छत नुकतेच रंगवलेले असले तरी मळकट का दिसते, याचे उत्तर छतात नसून फरशीत आहे. म्हणून रंगाच्या डब्याला हात लावण्यापूर्वी एक सोपी तजवीज करून पाहावी: खिडकीच्या पुढ्यात, जेथे उजेड थेट पडतो नेमक्या त्या जागी, फिकट रंगाची सतरंजी किंवा चटई अंथरावी आणि मान वर करून छताकडे पाहावे. पडणारा फरक लहान असला तरी तो स्पष्ट दिसतो, आणि भाडेकरूला तो कोणाच्याही परवानगीवाचून मिळतो.

भिंतींचे महत्त्व त्यांच्या क्षेत्रफळात आहे. दहा फूट बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेतली, तर जमीन एकशेवीस चौरस फूट, छत तेवढेच, आणि भिंती चारशे चाळीस. प्रकाश या पृष्ठभागांवरून पुनःपुन्हा परावर्तित होत राहतो, त्यामुळे भिंतींत केलेली थोडी सुधारणाही दर फेरीला व्याजासकट परत मिळते. छत पांढरे आणि फरशी काळी धरून ढोबळ हिशेब केला, तर चाळीस टक्के प्रकाश परतवणाऱ्या, धुराने व वर्षांनी काळवंडलेल्या भिंतींच्या खोलीत सर्व पृष्ठभागांवर मिळून पडणारा उजेड खिडकीतून आलेल्या उजेडाच्या पावणेदोन पट भरतो. भिंतींना पंचाहत्तर टक्के परतवणारी फिकट छटा दिली तर तो पावणेतीन पट होतो, आणि पंच्याऐंशी टक्क्यांचा शुभ्र पांढरा दिला तर सुमारे साडेतीन पट. म्हणजे केवळ गणिताचा कौल मागितला तर तो पांढऱ्याच्याच बाजूने पडतो, हे मान्य केले पाहिजे.

परंतु घरात राहतो तो माणूस डोळ्यांनी पाहतो, आणि डोळ्याचा न्याय त्रैराशिकाने चालत नाही. उजेड सव्वापट झाला म्हणून खोली सव्वापट उजळ भासत नाही. मळक्या भिंतीकडून फिकट छटेकडे येताना जो पालट जाणवतो, त्याच्या मानाने फिकट छटेकडून शुभ्रतेकडे जातानाचा पालट फारच अल्प असतो. उलट एक हानी होते. ज्या खोलीत ऊन कधीच येत नाही, केवळ आकाशाचा उजेड येतो, तेथे तो उजेड मुळातच निळसर असतो. शुभ्र भिंत तो जसाच्या तसा दाखवते, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत राखी, आजारी छाया साठत जातात. पूर्वी चुन्यात चिमूटभर नीळ घालीत. त्यामुळे चुन्याचा पिवळेपणा झाकला जाऊन भिंत झगझगीत दिसे, आणि उन्हाने न्हाणाऱ्या ओसरीला ती युक्ती शोभतही असे. पण अंधाऱ्या माजघरात त्याच निळीने भिंत राखेसारखी दिसू लागते. म्हणून अशा घराला पांढऱ्याच्या जवळची, पण किंचित उबेकडे झुकलेली छटा हवी: मोतिया, हस्तिदंती, सायीचा रंग, किंवा अगदी फिकट बदामी. शुभ्र पांढरा छतासाठी राखून ठेवावा, आणि दुसऱ्या एका जागेसाठी, जिकडे रंगाऱ्याचे सहसा लक्ष जात नाही. जुन्या इमारतींच्या भिंती जाड असतात, त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बगलांना दीड-दीड वितीची पाखे असतात. सबंध घरात सर्वांत अधिक उजेड याच पाख्यांवर पडतो. ती तपकिरी ऑइलपेंटखाली दडपलेली असतील तर खरवडून शुभ्र करावीत. खिडकीच रुंद झाल्याचा भास होतो.

फरशीचा काळेपणा हा मात्र केवळ उजेडाचा तोटा नव्हे. तो भिंतीचा शेजारी आहे, आणि रंगांच्या व्यवहारात शेजाऱ्याचे वजन फार. पॅरिसच्या गोबलँ या शाही विणकामशाळेत रंगखात्याचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे एकदा तक्रार आली की, तेथे रंगवलेला काळा धागा निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छायांत फिका पडतो. त्यांनी काळ्या लोकरीची परीक्षा केली, तेव्हा रंगात खोट आढळली नाही. दोष होता तो त्याच्या शेजारच्या निळ्या-जांभळ्या रंगांचा. त्यातून निघालेला सिद्धांत त्यांनी १८३९ च्या ग्रंथात विस्ताराने मांडला: शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना परस्परांच्या विरुद्ध दिशेने ढकलतात. काळ्या फरशीलगतची फिकट भिंत आहे त्याहून अधिक फिकट भासते, ती याच न्यायाने. म्हणूनच काळी फरशी असताना भिंतीचा पांढरेपणा पराकोटीला नेण्याची निकड उरत नाही. नेलाच, तर दोहोंतला विरोध इतका कडक होतो की दृष्टी जमिनीपाशीच अडखळत राहते.

शहाबादी फरशीत करडेपणाबरोबर बहुधा हिरवट किंवा निळसर झाक असते. तिच्यावर बदामी वा मोतिया भिंत शांतपणे बसते. कडप्पा पुरता काळा, त्याला कोणतीही उबदार छटा चालते. लाल कोब्याची जमीन असेल तर ती स्वतःचाच तांबूसपणा भिंतीच्या खालच्या भागावर टाकते, तेव्हा तेथे गुलाबीकडे झुकणारी छटा टाळून साधी हस्तिदंती घ्यावी. भाड्याच्या घरांना सर्रास मारला जाणारा पिस्ता आणि आकाशी हे रंग मला काळ्या फरशीच्या अंधाऱ्या खोलीत मुळीच मानवत नाहीत, कारण तेथे ते मेणचट होतात आणि माणसांच्या चेहऱ्यांवर नाहक फिकटी आणतात. जुन्या बिऱ्हाडांत जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत तपकिरी वा गेरूच्या रंगाचा ऑइलपेंटचा पट्टा असे. तो डाग लपवतो हे खरे, पण काळी फरशी जणू कमरेपर्यंत चढून आल्यासारखी वाटते. फिकट रंग थेट फरशीपर्यंत उतरवावा आणि खालचा भाग धुता येईल अशा इमल्शनने रंगवावा.

छटा निवडण्यापूर्वी दिवा ठरवावा, कारण अशा घरात दिवसाही दिवा जळतो. आपल्याकडे रूढ असलेला ६५०० केल्व्हिनचा थंड पांढरा दिवा मोतिया रंगाची ऊब हिरावून घेतो. ३००० केल्व्हिनच्या आसपासचा पिवळसर दिवा तीच छटा लोण्यासारखी गडद करतो. दुकानातील तक्त्यावरच्या बोटभर तुकड्यावरून काहीच ठरवू नये. लहान नमुना घेऊन हात-दीड हात लांबीच्या पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत, वाळल्यावर तो पुठ्ठा फरशीला टेकवून उभा करावा, आणि सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर पाहावा. यातही एक खबरदारी हवी: उजेड भिंतीवरून भिंतीवर जाताना दर उसळीला रंग घेत जातो, त्यामुळे चारही भिंती रंगल्यावर छटा पुठ्ठ्यावरच्याहून ठळक भासते. पुठ्ठ्यावर जी आवडली तिच्याहून एक पायरी फिकट घेणे शहाणपणाचे.

चकचकीत रंगाने उजेड वाढतो ही समजूत सोडून द्यावी. तो खिडकीचे प्रतिबिंब एका जागी गोळा करून दाखवतो, आणि तिरप्या उजेडात जुन्या गिलाव्याचे सारे उंचवटे उघडे पाडतो. तळमजल्यावर ओल चढत असेल तर तिचे निवारण आधी, रंग नंतर. ओल्या भिंतीवर बसवलेल्या रंगाचे वर्षाच्या आत पोपडे सुटतात, मग तो कितीही भारी असो. पावसाळा उलटून भिंत सुकेपर्यंत थांबावे.

राहिला कराराचा भाग. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करारनामा लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. त्या करारनाम्यात जागा पूर्ववत स्थितीत परत करण्याची शर्त बहुधा असतेच, तेव्हा रंगाविषयी मालकाची संमती तोंडी न घेता लेखी घ्यावी: कोणती छटा, खर्च कोणाचा, आणि मुदत संपल्यावर रंगासाठी अनामत रकमेतून कपात होणार की नाही. मोतियासारख्या छटेला हरकत घेणारा मालक विरळा. अनेकदा तो अर्धा खर्चही उचलतो, कारण पुढच्या भाडेकरूला उजळ जागा दाखवणे त्याच्याही हिताचे असते. छटेचा क्रमांक आणि मिश्रणाची पावती करारनाम्याच्या प्रतीला टाचून ठेवावी, आणि उरलेला रंग झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवावा. खुर्चीची पाठ घासून भिंतीवर उमटलेला पहिला ओरखडा बुजवायला तो लागणारच आहे.