इंग्रजी शब्दांची खतावणी

आपल्या स्मरणिकेत बहुधा बाजारपेठ, करपद्धती आणि पेढीचा कारभार यांवरचे लेख येतात. यंदा एका निराळ्याच मालाविषयी चार शब्द लिहिण्याची अनुज्ञा संपादक मंडळाने दिली, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. निमित्त घरगुती आहे.

माझी नात बेळगावातील एका शाळेत आठव्या इयत्तेत शिकते. दर सोमवारी वर्गात वीस कठीण इंग्रजी शब्दांची यादी मिळते. डाव्या बाजूस शब्द, उजव्या बाजूस त्याचा एकच अर्थ, आणि शुक्रवारी परीक्षा. मुलीचे पाठांतर चोख, गुणही उत्तम. पुढे 'माझे आजोबा' या विषयावरील इंग्रजी निबंधात तिने मोठ्या प्रेमाने लिहिले की, आजोबा हे बाजारातील अत्यंत 'क्रेड्युलस' व्यापारी आहेत! यादीतील अर्थ होता 'विश्वास ठेवणारा'. तिला म्हणायचे होते 'विश्वासू'. वस्तुतः हा शब्द कोणाच्याही थापेस भुलणाऱ्या भोळसट माणसास लावतात. निबंध वर्गात मोठ्याने वाचला गेला, वर्ग हसला आणि त्या दिवसापासून मुलीने इंग्रजीच्या तासास हात वर करणे सोडले. ही तूट गुणपत्रिकेत दिसत नाही. आमच्या घरात मराठी, पेढीवर निम्मे कन्नड आणि शाळेत इंग्रजी. तेव्हा ती भरून काढावयास घरात कोणी जाणकारही नव्हते. माझे इंग्रजी व्यापारी पत्रापुरतेच.

एका संध्याकाळी ती पेढीवर येऊन गप्प बसली असता मी जमाखर्चाची वही तिच्यापुढे सरकविली. 'क्रेडिट' हा शब्द तिने त्यावर शेकडो वेळा पाहिलेला. त्याचे मूळ विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. विश्वासाने दिलेले ते क्रेडिट. देणारा धनको तो क्रेडिटर. विश्वसनीय ते क्रेडिबल. विश्वास बसू नये असे ते इनक्रेडिबल. ओळख पटविणारी कागदपत्रे ती क्रेडेन्शियल्स. आणि वाजवीपेक्षा अधिक विश्वास टाकणारा तो क्रेड्युलस. एकाच घराण्यातील ही माणसे, स्वभाव मात्र भिन्न. भाषाशास्त्रज्ञ याहून मौजेची गोष्ट सांगतात. हा लॅटिन धातू आणि आपला 'श्रद्धा' हा शब्द एकाच प्राचीन मुळापासून फुटलेले आहेत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यास मांडला होता. आमच्या पेढीवर तो पोहोचावयास एवढा काळ लागला!

मग तिला चटकच लागली. 'डेबिट'चे मूळ देणे लागणे. त्यातूनच डेट, ड्यू आणि ड्यूटी हे शब्द आले. म्हणून जकात आणि कर्तव्य या दोहोंस इंग्रजीत एकच नाव. 'डेट' या शब्दात न उच्चारला जाणारा 'बी' का, असा तिचा जुना राग होता. जुन्या इंग्रजीतील लेखनात तो नव्हताच. मूळ लॅटिनशी नाते दिसावे म्हणून विद्वानांनी तो मागाहून घातला. 'मॉर्गेज' म्हणजे शब्दशः मृत तारण. त्यातील 'मॉर्ट' आणि आपला 'मृत' हे भाऊबंद.

येथे एक इशारा दिला पाहिजे. सारखे दिसणारे सर्वच शब्द नातलग नसतात. रोख रकमेचा 'कॅश' हा पेटी या अर्थाच्या युरोपीय शब्दापासून आला. दक्षिणेतील जुन्या नाण्यास इंग्रज 'कॅश' म्हणत, तो तमिळ 'कासु'पासून. नावे एक, खाती दोन. तेव्हा कोशात पाहिल्यावाचून सोयरीक जोडू नये.

कोशही योग्य हवा. हॉर्नबी यांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश प्रथम 1942 साली टोकियोत, जपानी विद्यार्थ्यांसाठी तयार झाला आणि 1948 साली ऑक्सफर्डने तो आपल्याकडे घेतला. परक्या भाषेत चुकणाऱ्यांसाठीच तो रचलेला असल्यामुळे शब्द वाक्यात कसा बसतो हे त्यात सापडते. नुसत्या अर्थापेक्षा त्याचीच गरज अधिक. शब्दांच्या अफाट संख्येचे भयही बाळगू नये. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या यादीत केवळ 570 शब्दकुळे आहेत. उच्च शिक्षणाच्या ग्रंथांतील सुमारे एक दशांश शब्द त्यांतच येतात.

आता नातीने दोन वह्या घातल्या आहेत. नवा शब्द जेथे भेटला त्या वाक्यासह प्रथम कीर्दीत लिहावयाचा. शनिवारी त्याची मूळ धातूच्या खात्यावर खतावणी. परंतु स्वतःचे एक वाक्य केल्यावाचून शब्द 'जमा' धरावयाचा नाही. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. जर्मनीचे एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून 1885 साली दाखविले की, विसरणे प्रारंभीच सर्वाधिक वेगाने होते. आणि एका दमात घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली आवृत्ती अधिक लाभते. रात्री मेळ घातल्यावाचून दुकान बंद न करणाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको. सोमवारची यादी अद्याप येतेच. ती आता कीर्दीत जाते.

परवा मी ती खतावणी चाळली. 'क्रेड्युलस'च्या पुढे तांबड्या शाईने तिचे इंग्रजी वाक्य होते. गतवर्षी एका गोडबोल्या अनोळखी ग्राहकास आजोबांनी मोठा माल उधार दिला, तो ग्राहक पुन्हा दिसला नाही, त्या दिवशी आजोबा क्रेड्युलस होते. मी वाक्य दोनदा तपासले. व्याकरण शुद्ध होते, आणि ती रक्कम अद्याप येणे आहे.