ड्रायव्हर नव्हे, साखळी तपासा : लिनक्स लॅपटॉप आणि डायल-अप मोडेम

आजच्या भागाचा विषय ऐकून काही जण हसतील. घरोघरी फायबर आलं, खिशात मोबाइल डेटा आला, आणि हा निवृत्त फौजी डायल-अप मोडेमबद्दल बोलतोय! पण बंद पडलेल्या यंत्राचा दोष कसा शोधायचा, हे मी ज्या गोष्टीतून शिकलो ती हीच. शिकवणी महाग पडली, ते शेवटी सांगतो.

साल 2005. माझी नेमणूक ईशान्येकडच्या एका लहान ठाण्यावर होती. मोबाइलला रेंज नव्हती. क्वार्टरमध्ये एक साधा लँडलाइन फोन, आणि माझा स्वतःचा लॅपटॉप. अण्णा, म्हणजे माझे वडील, ग्वाल्हेरला धाकट्या भावाकडे. अण्णांचा हात कापायचा, म्हणून ते पत्र तोंडी सांगायचे आणि भाऊ ते ई-मेलने पाठवायचा. एक दिवस लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला. मी वैतागून विंडोज पूर्ण पुसलं आणि लिनक्स बसवलं. आवाज आला, चित्र आलं, मराठी फॉन्टसुद्धा दिसले. फक्त मोडेम बोलेना. मी म्हटलं, ड्रायव्हरचा प्रश्न आहे, आज रात्री सुटेल. त्याला नऊ रात्री लागल्या.

आज मागे वळून पाहतो तेव्हा कळतं, की भिंतीतल्या फोनच्या सॉकेटपासून ब्राउझरमधल्या पानापर्यंत पाच कड्यांची एक साखळी आहे. लाइन, मोडेमची ओळख, ड्रायव्हर, डायल करणं, आणि शेवटी लॉगिन व नावाचा पत्ता. ड्रायव्हर ही त्यातली फक्त तिसरी कडी. मी मात्र पाचही कड्यांचा दोष तिच्याच माथी मारत होतो.

पहिली कडी : लाइन

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी साधा फोन उचलून कानाला लावा. डायल टोन स्वच्छ आहे का? खरखर असेल तर मोडेम जोडला जाईल, पण लगेच तुटेल. मग वायर कुठे खोचली आहे ते पाहा. त्या काळच्या लॅपटॉपला दोन सारखी दिसणारी भोकं असायची. लहान भोक फोनचं, मोठं नेटवर्कचं. गंमत म्हणजे फोनची छोटी पिन मोठ्या भोकातही जाते आणि बसल्यासारखी वाटते. घरात समांतर दुसरा फोन असेल तर तो कोणी उचलला की जोडणी तुटते. ऑफिसच्या डिजिटल ईपीएबीएक्सची लाइन लॅपटॉपला लावू नका, मोडेम जळू शकतो. आणि ढग गडगडायला लागले की वायर काढून ठेवा. वीज लांब पडली तरी फोनच्या तारेतून येऊन मोडेम घेऊन जाते.

दुसरी कडी : मोडेमची ओळख

1981 साली अमेरिकेतल्या हेज कंपनीने स्मार्टमोडेम आणला. त्याला कॉम्प्युटरने 'ए-टी' या दोन अक्षरांनी सुरू होणारे हुकूम द्यायचे, आणि तो 'ओके' म्हणायचा. अशा मोडेमच्या पेटीतच सगळी अक्कल असते. कोणतीही सिस्टिम असो, सिरियल पोर्टला जोडा आणि बोला. त्याला वेगळा ड्रायव्हर जवळजवळ लागतच नाही.

लॅपटॉपमधला मोडेम मात्र बहुतेक वेळा अर्धाच असायचा. किंमत आणि जागा वाचवण्यासाठी कंपन्यांनी मोडेमचं डोकं काढून घेतलं. फोनच्या तारेला भिडणारा भाग ठेवला आणि आवाजाचे आकडे, आकड्यांचा आवाज करण्याचं काम लॅपटॉपच्या प्रोसेसरवर टाकलं. हे काम करणारं सॉफ्टवेअर विंडोजपुरतं बनवलं, आणि त्यातली गणितं बंद कुलपात ठेवली. म्हणून त्याला विनमोडेम म्हणतात. लिनक्सवर तो आपोआप चालत नाही यात लिनक्सचा दोष नाही. शिपाई आहे, पण त्याला हुकमाची भाषा कोणी शिकवलेली नाही.

माझ्या पहिल्या तीन रात्री इथेच गेल्या. विंडोजमध्ये हा मोडेम कॉम-3 वर दिसायचा, हे मला आठवत होतं. लिनक्समध्ये मोजणी शून्यापासून होते, म्हणून कॉम-3 म्हणजे टी-टी-वाय-एस-2. मी तिथे हुकूम देत बसलो. पण विंडोजमधलं ते कॉम-3 ड्रायव्हरने उभं केलेलं सोंग होतं. ड्रायव्हर गेला, सोंगही गेलं. रिकाम्या चौकीच्या दारावर मी तीन रात्री थाप मारत होतो.

मग 'एल-एस-पी-सी-आय' हा हुकूम दिला. (हुकूम मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.) यादीत दिसलं : इंटेल, एसी-97 मोडेम कंट्रोलर. मला आनंद झाला. इंटेलच्या 536 नावाच्या मोडेमचा लिनक्स ड्रायव्हर माझ्याकडच्या एका सीडीवर होता. तो दोन रात्री बसवत राहिलो. प्रत्येक वेळी उत्तर एकच : असं यंत्र सापडलं नाही.

चूक काय होती? एसी-97 मध्ये कंट्रोलर हा फक्त दरवाजा असतो. दरवाजा इंटेलचा, पण आत राहणारी कोडेक नावाची चिप दुसऱ्याच कंपनीची असू शकते. ड्रायव्हर ठरतो तो त्या चिपवरून. घरावरची पाटी घरमालकाची असते, म्हणून भाडेकरूचं आडनाव तेच असेल असं नाही.

आता प्रश्न असा, की हे समजून घ्यायला आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट यायला ड्रायव्हर हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत. सहाव्या दिवशी रविवार होता. शहरात गेलो, सायबर कॅफेत बसलो, आणि स्कॅनमोडेम नावाची एक छोटी स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घेतली. ती चालवली की मोडेम-डेटा नावाची फाइल तयार होते आणि तिच्यात कोडेकची खूण लिहिलेली असते. ती स्क्रिप्ट लॅपटॉप सोबत नेऊन कॅफेतच चालवली, म्हणून दुसरी फेरी वाचली.

तिसरी कडी : ड्रायव्हर

खुणेवरून रस्ता ठरतो. खूण सी-एक्स-टी असेल तर चिप कोनेक्झंटची. तिचा ड्रायव्हर लिनक्झंट नावाची कंपनी देत असे. फुकट आवृत्तीला वेग फक्त 14.4 किलोबिट, पूर्ण वेगाला पैसे. ल्युसंट म्हणजेच अगेरेच्या काही मोडेमसाठी मार्शियन नावाचा ड्रायव्हर होता. माझी खूण एस-आय-एल ने सुरू होत होती, म्हणजे सिलिकॉन लॅब्ज. तिला स्मार्टलिंकचा एस-एल-मोडेम चालतो.

याचे दोन भाग आहेत. एक, लिनक्सच्या आवाजाच्या व्यवस्थेतलाच मोडेमसाठीचा मॉड्यूल, एस-एन-डी-इंटेल-8-एक्स-0-एम. शेवटचा 'एम' विसरू नका. तो नसलेला मॉड्यूल स्पीकरचा. दोन, एस-एल-मोडेम-डी हा मागे चालणारा प्रोग्राम. तो सुरू करताना अल्साचा पर्याय आणि देश सांगायचा. सगळं जमलं की डेव्ह फोल्डरमध्ये टी-टी-वाय-एस-एल-0 नावाची फाइल उगवते. तीच तुमचा मोडेम.

इथे तीन ठेचा लागतात. स्मार्टलिंकचा जुना स्लॅमर मॉड्यूल आणि अल्साचा मॉड्यूल एकाच यंत्रावर हक्क सांगतात, दोन्ही एकदम लावू नका. जो मॉड्यूल कर्नेलसाठी बांधावा लागतो तो त्याच आवृत्तीच्या हेडरवर बांधा. 'यू-नेम वजा-आर' हा हुकूम आवृत्ती सांगतो, आणि कर्नेल बदलला की मॉड्यूल पुन्हा बांधावा लागतो. तिसरं, एस-एल-मोडेम-डी मधला एक तुकडा तयार 32 बिटचा येतो, त्यामुळे 64 बिट सिस्टिमवर 32 बिट लायब्ररी लागतात. काय बिनसलं ते 'डी-मेसेज', म्हणजे डी-एम-ई-एस-जी, सांगतो. त्याच्या शेवटच्या वीस ओळी वाचायची सवय लावा.

चौथी कडी : डायल

मिनिकॉम उघडा, 'ए-टी' टाइप करा, एंटर दाबा. 'ओके' आलं की ड्रायव्हरचा विषय संपला. ही ओळ वहीत लिहून ठेवा. यापुढे काहीही बिघडलं तरी ड्रायव्हरला हात लावायचा नाही.

सहाव्या रात्री मला 'ओके' मिळालं. डायल केलं तर 'नो डायल-टोन'. फोनमध्ये तर टोन ऐकू येत होता! कारण टोन देशोदेशी वेगळा असतो. अमेरिकेत 350 आणि 440 हर्ट्झचे दोन स्वर एकत्र, आपल्याकडे 400 हर्ट्झचा स्वर 25 ने हलवलेला. मोडेम आपल्या ओळखीचा टोन शोधत बसला. उपाय 'ए-टी-एक्स-3' : टोनची वाट पाहू नको, पण एंगेज आवाज ओळख. ऑफिसच्या लाइनवर आधी शून्य लावावा लागत असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम द्या, मोडेम साधारण दोन सेकंद थांबतो.

पाचवी कडी : लॉगिन आणि नावाचा पत्ता

सातव्या रात्री तो ओळखीचा किंचाळण्याचा आवाज आला आणि पडद्यावर 'कनेक्ट' उमटलं. डब्ल्यू-व्ही-डायलने लॉगिन केलं, पत्ता मिळाला. पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडेना. इथे मी वहीतली ओळ विसरलो. आठव्या रात्री ड्रायव्हर काढला, पुन्हा बसवला, जोडणी केली, तास तासभर लाइन धरून पानं उघडायचा प्रयत्न करत राहिलो.

अशा वेळी दोन पिंग पुरतात. आधी आकड्यांच्या पत्त्यावर, मग नावाच्या पत्त्यावर. आकड्यांवर उत्तर येतं आणि नावावर येत नाही, तर डीएनएस नाही. ईटीसी फोल्डरमधली रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ उघडून पाहा. माझी रिकामी होती. पीपीपीच्या सेटिंगमध्ये 'यूज-पीअर-डीएनएस' ही एक ओळ टाकली आणि नवव्या रात्री पानं उघडली. आकड्यांवरही उत्तर नसेल तर रूट तपासा. नेटवर्क कार्डाचा जुना डिफॉल्ट रूट शिल्लक असेल तर पीपीपी त्याला हलवत नाही.

त्या रात्री पहिल्यांदा मेल उतरवले. चार दिवसांपूर्वीचा भावाचा मेल होता : अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, दादा, जमलं तर ये. तारीख त्याच दिवसाची होती. ऑपरेशन सकाळीच होऊन गेलं होतं.

मी वायर लॅपटॉपमधून काढून फोनला लावली आणि ग्वाल्हेरला फोन केला. अण्णा बरे होते. भाऊ म्हणाला, "दादा, दिवसा मी कामावर, म्हणून काल-परवा रात्री फोन करत होतो. सारखा एंगेज. अण्णा म्हणाले, तो नेटवरच आहे म्हणजे मेल वाचलाच असेल. सुट्टी मिळाली नसेल, उगीच त्रास देऊ नको."

सुट्टी मी मागितलीच नव्हती. ज्या दोन रात्री मी चालू असलेला ड्रायव्हर उपटत होतो, त्याच दोन रात्री घरातली एकमेव लाइन मी अडवून बसलो होतो. अण्णांनी नंतर कधी विषय काढला नाही. मीच काढायचो, तेव्हा ते म्हणायचे, "अरे, यंत्र आहे, व्हायचंच."

यंत्राचं होणारच होतं, माणसाने काय करायला हवं होतं ते सांगतो. एक, चालू सिस्टिम पुसण्याआधी तिला शेजारी जागा ठेवा. चढाईआधी परतीची वाट पाहून ठेवायची, हे मी जवानांना शिकवत होतो आणि घरी विसरलो. दोन, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तीन, जी कडी पक्की ठरली तिच्याकडे परत जाऊ नका. चार, दुरुस्तीला वेळेची हद्द घाला. रात्री एक तास, मग वायर परत फोनला. आणि ज्यांचा निरोप त्या वाटेने येतो त्यांना सांगून ठेवा, की वाट सध्या बंद आहे.

आज तुमचं वाय-फाय अडलं, प्रिंटर अडला, तरी क्रम हाच. तार, ओळख, ड्रायव्हर, संवाद, पत्ता. दरवाजावरची पाटी वाचून थांबू नका, आतल्या चिपचं नाव विचारा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.