निवड आणि निरुपाय : ऊसतोड कुटुंबांतील मुलांविषयीचे काही गैरसमज

दसरा उलटला, की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी या तालुक्यांतून आणि त्यांना लागून असलेल्या पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बिऱ्हाड पाठीशी बांधून सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांकडे आणि काही थेट कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. बालाघाटच्या उतारावरील कोरडवाहू जमीन आणि पावसाचा नित्याचा लहरीपणा यांनी या मुलखाला लावलेली ही रीत आता पिढ्यांची झाली आहे. या टोळ्यांबरोबर मुलेही जातात; आणि त्या मुलांपैकी एखादा सोळा वर्षांचा मुलगा शाळेकडे पाठ फिरवून हाती कोयता घेतो, किंवा त्याच वयाची मुलगी बोहल्यावर उभी राहते, तेव्हा सुस्थितीतील समाज जो निवाडा देतो तो बहुधा आधीच ठरलेला असतो : हा मार्ग त्यांनी आपण होऊन पत्करला. या निवाड्याच्या मुळाशी असलेले गैरसमज निरुपद्रवी असते, तर त्यांच्याकडे कानाडोळा करता आला असता. परंतु शाळेतील वागणुकीपासून सरकारी तरतुदींपर्यंत सर्वत्र त्यांचा प्रभाव पडतो, म्हणून ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या मुलांना शिक्षणाची मुळी गोडीच नसते, असे सर्रास बोलले जाते. वस्तुस्थिती अशी, की शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलअखेरीस संपते, आणि गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे आईबापांबरोबर गेलेल्या मुलाचे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण बुडते, आणि हे एखाद्या वर्षी अपघाताने घडत नसून दरसाल घडते. तेथे, फडाजवळच्या खोपीत, त्याचा दिवस कसा जातो? आईबाप पहाटेच्या अंधारात फडात उतरतात. थोरली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, चूल पेटवते. मुलगा वाढे गोळा करतो आणि मोळ्या बांधू लागतो. तोडलेल्या उसातील साखर वेळ जाईल तसतशी घटत असल्याने कारखान्याची गाडी मध्यरात्री आली तरी भरून द्यावी लागते, आणि त्या वेळी घरातील कोणताही हात रिकामा ठेवणे परवडत नाही. उन्हाळ्यात गावी परतलेला हा मुलगा हजेरीपटावर पुढच्या इयत्तेत बसलेला असतो, पण पुस्तकातले त्याला आदल्या इयत्तेचेही नीट उमगत नाही. असे चार-सहा हंगाम गेल्यानंतर आठवी-नववीच्या वर्गात त्याला जे वाटत असते ते शिक्षणाविषयीचे औदासीन्य नव्हे. आपल्याहून लहान मुले जे सहज वाचतात ते आपल्याला वाचता येत नाही, याची ती शरम असते. काही स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालविल्या, आणि पुढे मुलांना गावीच ठेवून त्यांच्या जेवणाखाणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे शासनाने सुरू केली. ही सोय जेथे वेळेवर व प्रामाणिकपणे उपलब्ध होते, तेथे आईबाप मुलांना मागे ठेवून जातात. गोडी नसती, तर त्यांनी असे कशाला केले असते?

दुसरा गैरसमज पैशाविषयीचा आहे, आणि तो अधिक कठोर आहे. हे लोक उचल घेतात, ती उधळतात, आणि मग तीच फेडण्यात मुलांचे आयुष्य घालवतात, असे म्हणणारे लोक सुशिक्षितांतही पुष्कळ भेटतात. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमामार्फत मजुरांच्या जोडीला मिळणारी आगाऊ रक्कम. ती पुढे तोडलेल्या उसाच्या टनावारी मजुरीतून वळती केली जाते, आजारपणाने वा अन्य कारणाने कामावर न आल्यास खाडा धरून कपात होते, आणि हंगामअखेरीस हिशेब पुरा झाला नाही तर बाकी पुढील वर्षाच्या माथी बसते. ज्याच्याजवळ तारण ठेवण्याजोगे काही नाही त्याला पतपेढी दारात उभी करीत नाही. म्हणून दवाखाना, बियाणे, घराचे छप्पर, बहिणीचे लग्न, आधीच्या सावकाराचे देणे या सर्वांची तोंडमिळवणी याच एका रकमेतून करावी लागते. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे श्रम बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याने निषिद्ध ठरविले आहे, ही गोष्ट ज्यांना ठाऊक असायला हवी त्यांच्यापर्यंत पुरती पोहोचलेली नाही.

आता अशा घरातील मुलासमोर जो प्रश्न येतो तो त्याच्या बाजूने मांडून पाहावा. उचल घेऊन झाली आहे, बापाची कंबर धरली आहे, आणि त्याच्या जागी कोणीतरी उभे राहिलेच पाहिजे. अकरावी-बारावीसाठी तालुक्याच्या गावी राहायचे तर खोलीचे भाडे, खाणावळ, एस.टी.चा पास आणि शिकवणीची फी यांचा खर्च आजपासून सुरू होतो. नोकरी मात्र लागलीच तर पाच-सहा वर्षांनी लागणार, आणि लागेलच असा जामीन कोणी देत नाही. कोयता हातात घेतला तर घरावरील बाकी या हंगामातच काही अंशी उतरते. या मुलाने निवड केली का? निःसंशय केली; आणि त्याच्यापुढे जे आकडे होते त्यांवरून पाहता ती अविचारी म्हणता येत नाही. संपन्न घरातील मुलगा बारावीत एकदा नापास झाला, चुकीच्या शाखेत गेला, एखादे वर्ष वाया घालवून बसला, तरी त्याला पुन्हा बसविणारे घर त्याच्या पाठीशी असते. गरीब घरातील मुलाची तेवढीच चूक त्याला कायमची त्या मार्गावरून उतरवते. निर्णय दोघेही घेतात, पण चुकीची किंमत दोघांना सारखी पडत नाही, आणि निवाडा करणारे नेमके हेच अंतर हिशेबात धरत नाहीत.

मुलींच्या बाबतीत तर बालविवाह हा अडाणीपणाचा परिणाम, एवढे म्हणून विषय मिटविण्यात येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झाले होते, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के आढळले. अज्ञान असेलच, पण राज्याच्या सरासरीच्या दुपटीएवढे हे प्रमाण समजून घ्यायचे तर ऊसतोडीची व्यवस्था पाहावी लागते. पाच-सहा महिने घर बंद करून जाणाऱ्या आईबापांनी चौदा वर्षांच्या मुलीला कोणाच्या भरवशावर मागे ठेवावे? बरोबर न्यावे, तर जिला दार नाही, आडोसा नाही, जवळपास संडास नाही, अशा खोपीत ती सबंध दिवस एकटी असते. त्यातच कामाला माणूस घेतला जातो तो जोडीने : नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटा माणूस अर्धा कोयता, म्हणून त्याची उचलही कमी. म्हणजे मुलीच्या लग्नाने तिच्या आईबापांची एक धास्ती मिटते आणि मुलाच्या लग्नाने त्याच्या घराला पुरा कोयता मिळतो. मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण होण्याआधी विवाह लावणाऱ्यांस २००६ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कायदा योग्यच आहे. परंतु ज्या मुलीसाठी त्याच तालुक्यात सुरक्षित वसतिगृहाची एक खाट नाही, तिच्या आईबापांना नुसत्या शिक्षेच्या धाकाने तो पाळता येत नाही. आणि या सर्व उलाढालीत त्या मुलीला काय हवे आहे, हे विचारण्याची आवश्यकता कोणालाही वाटत नाही. तिचा निर्णय तिच्या नावावर मांडला जातो, तिच्याकडून मात्र तो घेतलेला नसतो.

सर्वांत प्रतिष्ठित गैरसमज जिद्दीचा आहे. जिद्द असेल तर कोणीही वर येतो, असे सांगून पुरावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले जाते. बाबासाहेबांच्या असामान्य प्रज्ञेविषयी आणि अविरत परिश्रमाविषयी दुमत असण्याचे कारणच नाही; परंतु त्यांच्या चरित्राचा जो अर्धा भाग सांगितला जातो त्याच्या शेजारी उरलेला अर्धाही ठेवला पाहिजे. त्यांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते आणि मुलाच्या अभ्यासाविषयी विलक्षण दक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळुस्करांसारख्या गुरुजनाने हा विद्यार्थी हेरला आणि महाराज सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याची शिफारस पोहोचविली. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला परतले तेव्हा छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य त्यांच्या पाठीशी होते. याचा अर्थ स्वतः बाबासाहेबांइतका कोणी ओळखला नसेल. म्हणूनच त्यांनी नुसत्या जिद्दीचा उपदेश करीत न बसता पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले.

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास त्यात दरमहा एक रुपया दंड होता. दंड करणाऱ्या या राजाने आधी शाळा व राहण्याची सोय दिली होती, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले, आणि ते चालावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. या वसतिगृहांतून बाहेर पडलेल्या सहस्रावधी मुलांत जिद्द होती. पण तीच जिद्द त्यांच्या आजे-पणज्यांतही असली पाहिजे, आणि तिला निवारा व भाकरी मिळाली नाही म्हणून इतिहासात तिची नोंद नाही.

गरिबांना दूरचे दिसत नाही, समोरचा लाभ त्यांना सोडवत नाही, असाही एक विद्वज्जनांना प्रिय असलेला समज आहे. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठातील, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहान मुलांना सांगण्यात आले, की समोरची मिठाई आत्ता न खाता थांबाल तर आणखी एक मिळेल. त्याआधी काही मुलांना दिलेले वचन मोठ्या माणसाने पाळले होते, काहींना दिलेले मोडले होते. ज्यांना वचनभंगाचा अनुभव आला होता ती मुले सरासरीने तीन मिनिटे थांबली. ज्यांना आला नव्हता ती बारा मिनिटे. तेव्हा धीर हा केवळ स्वभावाचा गुण नाही. आजवर दिलेले शब्द किती पाळले गेले, यावरही तो अवलंबून असतो. त्याच वर्षी तमिळनाडूतील ऊसउत्पादकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : तेच शेतकरी, पीक हाती येण्याआधीच्या ओढगस्तीत, बुद्धीच्या कसोट्यांत जेवढे गुण मिळवीत त्याहून अधिक गुण पिकाचे पैसे आल्यावर मिळवीत. या निष्कर्षाच्या व्याप्तीविषयी पुढे संशोधकांत वाद झाले, हेही सांगितले पाहिजे. पण विवंचनेने मन व्यापले असता विचार आखडतो, हे ज्यांनी देणेकऱ्याच्या घरात दिवस काढले आहेत त्यांना पटवावे लागत नाही.

येथवर वाचून कोणी असे म्हणेल, की मग सर्वस्व परिस्थितीच ठरवते, आणि या तरुणांच्या इच्छेला अर्थ नाही. हाही गैरसमजच आहे, आणि सहानुभूतीच्या पोटी जन्मल्यामुळे तो अधिक फसवा आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना निघाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार तिच्यामुळे मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली. सायकलीने कोणाच्या मनात शिक्षणाची इच्छा घातली नाही. शाळा दूर होती म्हणून अडून राहिलेली इच्छा मोकळी झाली. शिवाय प्रत्यक्ष शाळेपर्यंतचा पायंडा त्या मुलींनीच पाडला, घरच्यांची मने त्यांनीच वळविली. ज्याला आपण कीव करून निर्णयाच्या अधिकारातून मुक्त करतो, त्याला आपण माणूसपणातूनही थोडे कमी करीत असतो. ऊसतोडीवर गेलेल्या मुलाला त्याच्या निर्णयाविषयी विचारले, तर तो 'मी फसलो' असे क्वचितच म्हणेल, 'घर चालवले' असे म्हणेल, आणि त्या शब्दांतील अभिमान खरा असतो.

शेवटी कायद्यातील एका उणिवेकडे आणि एका तरतुदीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरते आहे. म्हणजे आयुष्याला वळण देणारे निर्णय ज्या वयात घ्यावे लागतात, त्याच्या उंबरठ्यावर ते संपते. चौदा ते अठरा या वयातील ऊसतोड कुटुंबांच्या मुलामुलींसाठी तालुक्याच्या गावी पुरेशी वसतिगृहे उभारणे, आणि ती हंगाम सुरू होऊन दोन महिने झाल्यावर न उघडता टोळ्या निघण्याआधी उघडणे, ही मागणी विधिमंडळापुढे सातत्याने मांडली गेली पाहिजे. आणि कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्या वाचकांना विनंती अशी, की यंदा आपल्या शिवारात खोपी पडतील तेव्हा त्यांतील मुले जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात की नाही, याची त्यांनी चौकशी करावी. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे त्याच कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे, आणि शाळा सोडल्याचा दाखला जवळ नाही या सबबीवर मुख्याध्यापकांना प्रवेश नाकारता येत नाही.