शेणपाणी, चाबूक आणि करार

तंजावर म्हटलं की आपल्याला सरफोजी राजे आठवतात, सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं. तिथल्या भातखाचरांत राबणारे पन्नैयाळ मात्र आठवत नाहीत. पन्नैयाळ म्हणजे साधारण आपल्याकडचा सालगडी, बहुतेक दलित. कामावर यायला उशीर झाला किंवा मालकाची मर्जी फिरली, की पाठीवर चाबूक आणि वर शेण कालवलेलं पाणी पाजायचं, ही तिथली रीतच होती. तक्रार करणार कुणाकडे? आरोपीही मालक, न्यायाधीशही तोच.

बी. श्रीनिवास राव यांनी शेतमजुरांची संघटना बांधली आणि १९४४ मध्ये मन्नारगुडीच्या करारात जमीनदारांना या दोन्ही शिक्षा सोडाव्या लागल्या. १९५२ साली खास तंजावरपुरता कायदा आला. मनात आलं म्हणून गड्याला काढून टाकणं आता कायद्याने बंद झालं. कागदावर तरी.

कारण २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेणमणीत मजुरीवाढीचा तंटा पेटला आणि झोपडीत आसऱ्याला गेलेले ४४ जण जाळले गेले. बहुतेक बायका आणि मुलं. खालच्या कोर्टाने जमीनदारांना शिक्षा दिली. मद्रास हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं.