लिंगायत अंत्यविधी

लिंगायत अंत्यविधी हा लिंगायत (वीरशैव) समाजातील दफनाचा संस्कार होय. मृतदेहाला बसलेल्या, ध्यानस्थ स्थितीत समाधी देणे हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य आहे. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेशात हा विधी प्रचलित आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू भाषक शेजारी-शेजारी राहत असलेल्या सोलापूर शहरात दहनाची परंपरा असलेल्या कुटुंबांनाही या अंत्ययात्रेत सहभागी होण्याचा प्रसंग वारंवार येतो.

तात्त्विक आधार

बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वर व इतर शरणांनी इष्टलिंगाची उपासना रूढ केली. बसवेश्वरांचे काही काळ वास्तव्य असलेले मंगळवेढा आज सोलापूर जिल्ह्यातच आहे. गळ्यात इष्टलिंग धारण करणारी व्यक्ती मृत्यूनंतर प्रेत होत नाही, ती शिवात विलीन होते, अशी श्रद्धा आहे. म्हणून निधनाला ‘लिंगैक्य’ किंवा ‘शिवैक्य’ म्हणतात. नवख्या माणसाला या विधीत जे जे वेगळे वाटते, त्यातील बहुतेक गोष्टी या एका कल्पनेतून आलेल्या आहेत. प्रेतत्वच नसल्याने पिंडदान आणि काकस्पर्श यांना तत्त्वतः स्थान राहत नाही. जनन, मरण, रज, उच्छिष्ट आणि जाती ही पाचही सूतके शरणांनी नाकारली. व्यवहारात मात्र अनेक घरांत शेजारच्या चालीरीतींचा प्रभाव आढळतो.

विधी

शरीर ताठर होण्यापूर्वीच मृत व्यक्तीला मांडी घालून, भिंतीच्या आधाराने बसवतात. स्नान घालून कपाळावर विभूतीचे त्रिपुंड्र रेखतात व फुलांचे हार घालतात. तिरडीवर आडवा ठेवलेला देह पाहण्याची सवय असलेल्यांना हे दृश्य प्रथम बुचकळ्यात टाकते, कारण मृत व्यक्ती जणू पूजेला बसलेली दिसते. तसे दिसावे हाच त्यामागचा हेतू असतो.

अंत्ययात्रा सजवलेल्या विमानातून, म्हणजे बसता येईल अशा चौकटीतून निघते. पंचाक्षरी मंत्राचा जप आणि भजने चालू असतात; मराठी भाषक लिंगायतांमध्ये मन्मथस्वामींचे अभंगही म्हटले जातात. समाधीचा खड्डा उभ्या देहाला नव्हे, तर बसलेल्या देहाला पुरेल असा खोदतात आणि त्याच्या एका बाजूस कोनाडा ठेवतात. देह त्यात बसवून इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवले जाते. जंगमाच्या मार्गदर्शनाखाली पूजा झाल्यावर विभूती, बेलपत्रे व मीठ घालून खड्डा मातीने भरतात. जुन्या वर्णनांत जंगमाने मृताच्या मस्तकाला पाय लावल्याचा उल्लेख येतो. बाहेरच्या माणसाला तो अवमान वाटू शकतो. परंपरेत मात्र तो गुरूचा शेवटचा आशीर्वाद आहे.

उपस्थितांचा सहभाग

पाहुण्यांनी विशेष काही करावे अशी अपेक्षा नसते. बेलपत्र किंवा फूल वाहणे, नमस्कार करणे आणि शेवटी मूठभर माती टाकणे एवढे पुरेसे मानले जाते. दहनविधीतील पाणी पाजणे किंवा अग्नी देणे या कृतींची येथे वाट पाहू नये. सांत्वनपर शब्दांत ‘आत्म्यास शांती लाभो’ असे सर्रास म्हटले जाते व त्याचा कोणी रागही मानत नाही. परंतु लिंगैक्याच्या कल्पनेशी ते फारसे जुळत नाही. नंतरच्या स्मरणकार्यक्रमास अनेक ठिकाणी ‘शिवगणाराधना’ म्हणतात.

समाधी आणि अपवाद

समाधीस्थळाला कन्नडमध्ये ‘गद्दुगे’ म्हणतात. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांची समाधी तलावातील सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात आहे. दफनाची प्रथा मात्र सार्वत्रिक बंधन नाही. विजयपूर येथील ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी यांचे २ जानेवारी २०२३ रोजी निधन झाले. समाधी किंवा स्मारक न उभारता देहाचे दहन करावे, असे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते व त्यानुसार आश्रमाच्या आवारात दहन करण्यात आले.