सातबाऱ्यावर न दिसणारी तूट

सोलापूर भागातल्या कोरडवाहू शेतीत मला एकरांपेक्षा मातीची खोली मोलाची वाटते. इथला शाळू पाऊस ओसरताना पेरला जातो आणि पुढे जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पोसतो. माती हेच इथले धरण. पुराने जमीन खरडून गेली तर पंचनामा होतो. दर पावसात पापुद्र्याने जाणाऱ्या मातीचा कोण करणार?

हिशेब पाहा. एका हेक्टरवरून फक्त १ मिलिमीटर माती गेली, तरी ती १० घनमीटर, म्हणजे १२-१३ टन भरते. डोळ्यांना मात्र काहीच जाणवत नाही. ध्रुवनारायण आणि रामबाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ साली देशातली सरासरी धूप वर्षाला हेक्टरी १६.३५ टन काढली होती. उलट, २-३ सेंटिमीटर माती घडायला शेकडो वर्षे लागतात.

शिवाय पाणी निवडून नेते. थेंबांच्या माऱ्याने ढेकूळ फुटते, बारीक कण छिद्रांत बसतात, वरचा थर लिंपल्यासारखा होतो आणि मुरायचे पाणी वाहू लागते. ते चिकणमाती आणि कुजलेला पालापाचोळा उचलते, खडे-वाळू मागे ठेवते. नत्र, स्फुरद, पालाश धरून ठेवतात ते नेमके हेच बारीक कण. म्हणून वाहून गेलेली माती उरलेल्या मातीपेक्षा कसदार असते.

एका वयस्कर शेतकऱ्याला मी विचारले, ‘‘आबा, खत वाढवता, मग उतारा का वाढत नाही?’’ ते म्हणाले, ‘‘फुटक्या मडक्यात किती वतायचं, मास्तर?’’

उपाय नवे नाहीत. मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा १९४२ सालीच झाला. १९७२च्या दुष्काळात हजारो हातांनी बांधबंदिस्ती केली. पुढे एक तास जास्त मिळावे म्हणून ठिकठिकाणी तेच बांध कोरले गेले. २०१७ साली राज्याने धरणांतला गाळ शेतात नेण्याची योजना आणली. चांगलेच झाले, पण तो गाळ म्हणजे वरच्या अंगाच्या कुणाच्या तरी रानाचा कस. तो तिथेच थोपवायला हवा. उताराला आडवी नांगरट आणि पेरणी, बांधावर गवत, रानात धसकटांचे आच्छादन, एवढ्यानेही पाण्याचा वेग मोडतो.

सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहते. पुढच्या पिढीला एकरही तेवढेच मिळतील. त्यात शाळू उभा राहील की नुसता मुरूम उघडा पडेल, हे आज आपण बांध राखतो की कोरतो यावर ठरणार आहे.